रविवारी शर्यत, सोमवारी तपासणी

पळणाऱ्या माणसांइतकी बडबडी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. दम लागल्यावर तरी तोंड बंद होईल असं आपल्याला वाटतं. छे! पहाटे साडेपाचला तळ्याच्या फाटकाशी अठरा जण जमायचे आणि पहिल्या पावलापासून सुरू व्हायचे. कुणाचा गुडघा, कुणाची टाच, कोण किती तास आणि वर किती मिनिटं झोपलं. सकाळी पोट साफ झालं की नाही, हे तर ही माणसं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलायची. माझा अर्धा दिवस लोकांच्या लघवीच्या आणि शौचाच्या डब्या हाताळण्यात जातो, पण मलासुद्धा तिथे लाज वाटायची.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बावीस वर्षं माणसांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते, मशीनला लावते, रिपोर्ट छापते. त्या अठरांपैकी सात जण आमच्याच लॅबचे नेहमीचे. झालेलं काही नसतं. तरी दर दोन महिन्यांनी येतात, लोह तपासतात, जीवनसत्त्वं तपासतात, आणि सगळं ठीक निघालं की यांचे चेहरे पडतात. खरे आजारी लोक रिपोर्टचं पाकीट उघडायला घाबरतात. हे तिथेच काउंटरवर फोटो काढून एकमेकांना पाठवतात.

असल्या लोकांत मी पाच महिने काढले ते दादासाठी.

माझा दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. म्हणजे करायचा. मशीन उलटं करायचं, स्क्रू ओठात धरायचे आणि एका डोळ्याने आत बघत बसायचं. दुसऱ्यांच्या मशीनना वेळेवर तेल घालणाऱ्या या माणसाने स्वतःचं ब्लडप्रेशर दहा वर्षांत एकदा मोजलं नाही. मी ओरडायचे, तो हसायचा. मग एक दिवस पाय सुजले आणि कळलं, दोन्ही किडन्या गेल्यात. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास तो डायलिसिसच्या खुर्चीत. त्यासाठी डाव्या हातावर नस जोडून दिली होती, ती बंद पडली. उजव्या हातावरची कशीबशी चालत होती. ती पण गेली तर पुढे काय, हे डॉक्टर सांगत नव्हते आणि आम्हीही विचारत नव्हतो.

वहिनीचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. पण किडनीच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "चौऱ्याऐंशी. चौऱ्याहत्तरच्या आत या, मग पुढचं बोलू." डॉक्टर बाई शब्द मोजून वापरणाऱ्या. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. माझा भाऊ आणि त्याची नवी किडनी यांच्या मध्ये दहा किलो चरबी होती, आणि ती मी शेचाळीस वर्षं खाऊन-पिऊन जमवलेली होती.

वहिनी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तिथल्या एका पालकाकडून तिने त्या ग्रुपची माहिती काढली आणि मला न विचारता माझं नाव घालून मोकळी झाली. "एकटी असलीस तर दोन दिवस चालशील आणि तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढशील," ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

ग्रुपचा कोच बाथरूमच्या टाइल्स विकायचा. आयुष्यात एकदा तो बेचाळीस किलोमीटर पळाला होता, आणि ते बेचाळीस किलोमीटर रोज सकाळी आम्हाला नव्याने पळवायचा. सगळ्यांना तो चॅम्पियन म्हणायचा. मला मात्र मावशी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा माणूस, पोट टी-शर्टमध्ये मावत नाही, आणि मी याची मावशी! पहिल्याच दिवशी अंगाचा तिळपापड झाला, पण मी गप्प बसले. मला दहा किलो घालवायचे होते, नातं सुधारायचं नव्हतं.

एक दंतवैद्य होता. तळ्याला दोन फेऱ्या झाल्या की तो कमरेच्या पट्ट्यातून चिकट गोड लगद्याची पुडी काढून चोखायचा. "एनर्जी संपते ना," असं म्हणायचा. दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून दरडावणारा माणूस पहाटे सहाला झाडाखाली पुडी चोखत उभा. आणि एक बाई होती, घरांचे नकाशे काढणारी. तिला मी मनातल्या मनात घड्याळबाई म्हणायचे. तिच्या मनगटावर डबीएवढं घड्याळ. कधी झोपायचं, कधी उठायचं, आज थकलोय की नाही, हे सगळं तिला ते घड्याळ सांगायचं. एकदा त्याची बॅटरी संपली, तर अर्ध्या रस्त्यातून घरी गेली. का, तर मोजलं गेलं नाही म्हणजे पळालोच नाही. आणखी एकदा आकडा नऊ किलोमीटर आठशे मीटरवर थांबला, तर दोनशे मीटर पुरे करायला ही पंचेचाळीस वर्षांची बाई पार्किंगमधल्या गाड्यांभोवती गोल गोल फिरत होती. वॉचमन खुर्चीतून उठून बघत राहिला.

दादाबद्दल मी यांना कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी माझ्या किडनीचे टी-शर्ट छापले असते.

वजन उतरायला लागलं. पहिले दोन किलो सहज गेले, मग तीन आठवडे काटा हलेना, मग पुन्हा हलला. लॅबच्या काट्यावर मी दर मंगळवारी, कुणी यायच्या आत, बूट काढून उभी राहायचे. दादाला फोन करून आकडा सांगायचे. तो म्हणायचा, "पुरे गं, तू वाळशील आणि मग तुझी बारकी किडनी मला पुरायची नाही." मी शिव्या द्यायचे. फोन ठेवल्यावर डोळे पुसायचे.

खोटं कशाला बोलू, मला ते पळणं आवडायला लागलं होतं. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं. तळ्याच्या मागच्या बाजूला, जिथे रस्ता थोडा उतरतो, तिथे पाय आपोआप पडायचे आणि तेवढा वेळ मला दादा आठवायचा नाही. पण आजूबाजूला ही मंडळी. त्यांच्यात मी बसते हे मला मान्य नव्हतं. मी कामासाठी आले होते, ते हौशे होते. रोज पळून परतताना मी दादाच्या घरी थांबून वहिनीला त्यांच्या नकला करून दाखवायचे आणि ती पोट धरून हसायची. त्या घरात तेव्हा हसायला दुसरं काही नव्हतं.

शहरातली एकवीस किलोमीटरची मोठी शर्यत, जिच्यात कोचने आम्हा सगळ्यांची नावं घातली होती, तीन आठवड्यांवर आली आणि एका रविवारी अठरा किलोमीटरचा सराव ठरला. निघायच्या आधी कोचने खिशातून पत्र्याची डबी काढली आणि एकेकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायला लागला. पेनकिलर. कशासाठी? तर दुखायच्या आधीच घेऊन टाकायची, म्हणजे दुखत नाही. इतक्या महिन्यांत मी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं.

"कोच, ही गोळी किडनीवर येते," मी म्हणाले. "अंगातलं पाणी घामाने गेलेलं असतं, किडनीला रक्त आधीच कमी पडतं, त्यात वरून ही. आमच्या लॅबला येतात असे रिपोर्ट. शहाण्या माणसाने करायचं काम नाही हे."

"मावशी, सहा वर्षं घेतोय आम्ही," कोच हसला. "मेलो का?"

दंतवैद्याने माझ्याकडे बघत दोन गोळ्या गिळल्या. ज्याने औषधांचा अभ्यास करून परीक्षा दिली, तो माणूस! मी माझी गोळी झुडपात भिरकावली. त्या दिवशी अठरा किलोमीटर पळताना मला त्यांची जेवढी कीव आली तेवढी आधी कधीच आली नव्हती. यांना निसर्गाने दोन-दोन चांगल्या किडन्या दिल्यात आणि यांना त्यांची किंमत नाही, असं मी वहिनीला सांगितलं. ते सांगताना मला माझंच फार कौतुक वाटलं.

शर्यतीच्या आधीच्या मंगळवारी काटा त्र्याहत्तर किलो आठशे ग्रॅमवर थांबला. मी दोनदा उतरून पुन्हा चढले. दुपारी डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी स्वतःच्या काट्यावर बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

"सोमवारी सकाळी शेवटच्या तपासण्या," त्या म्हणाल्या. "त्या नीट आल्या की पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ऑपरेशन. तोवर अंगाला ताण नको. चाला, भरपूर पाणी प्या. मला विचारल्याशिवाय एकही औषध नको, डोकेदुखीचंसुद्धा नाही."

मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग म्हणाली, "आता पळणं बंद ना?"

"बंद म्हणजे बंद," मी म्हणाले.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मला त्यांचा निरोप घ्यायचा होता, तोही तोऱ्यात. गुरुवारी पहाटे मी फाटकाशी गेले आणि सांगितलं की घरगुती अडचण आहे, मी रविवारी पळणार नाही. कोचने माझ्या पाठीवर थाप मारली.

"बरंच झालं, मावशी. एकवीस तुम्हाला जमलंच नसतं. मी तुम्हाला दहाच्या शर्यतीत टाकायचं बघणार होतो, पण म्हटलं वाईट वाटेल."

"आपली कपॅसिटी ओळखता येणं हीपण मोठी गोष्ट आहे हं," घड्याळबाई म्हणाली. तिचा आवाज गोड होता. आणि हे बोलताना तिने मनगटाकडे बघितलं, जणू माझी कपॅसिटी तिथे लिहून आली होती.

झालं. माझं डोकं फिरलं.

पार्किंगमध्ये गोल गोल फिरणारी बाई मला कपॅसिटी शिकवणार? टाइल्स विकणारा माझी कीव करणार? त्या माणसांना मी पाच महिने खालच्या पायरीवर ठेवलं होतं, आणि आता कळत होतं की तेही सगळा वेळ मला त्याच पायरीवर ठेवून होते. हे मला सोसलं नाही. शुक्रवारी मी स्वतःला समजावलं की हळूहळू पळू, ते चालण्यासारखंच. शनिवारी समजावलं की पाच महिने सराव केलेलं शरीर आहे, त्याला एकवीस किलोमीटरचं काय? शनिवारी संध्याकाळी वहिनीला सांगितलं की रविवारी लॅबमध्ये जादा ड्यूटी आहे. ती म्हणाली, "जेवून जा, उपाशी राहू नकोस." मी हो म्हणाले.

पहिले दहा किलोमीटर मी खरंच हळू पळाले. घड्याळबाईची गुलाबी टोपी दूर पुढे दिसत होती. तिच्या मागे मी दीडशे पावलांवर होते आणि अंतर वाढत नव्हतं. तेराव्या किलोमीटरला डावा गुडघा दुखायला लागला, आधी बारीक, मग प्रत्येक पावलाला. मी लंगडायला लागले. दंतवैद्य बाजूने येत होता, तोही लंगडत. त्याने गोळ्यांची पट्टी पुढे केली.

मी टोपीकडे बघितलं. टोपी लांब चालली होती.

दोन गोळ्या मी अर्ध्या घोटात गिळल्या. मला सगळं माहीत होतं, हे मुद्दाम सांगते. चुकून घेतल्या नाहीत, विसरून घेतल्या नाहीत. गोळी किडनीवर काय करते हे तीन आठवड्यांपूर्वी मीच भाषण ठोकून सांगितलं होतं. गिळताना मनात आलं की हे लोक सहा वर्षं घेतायत, मेले का?

पंधराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. घड्याळबाई थांबली, पेला घेतला, घड्याळात बघत बघत प्यायली. तिचं घड्याळ तिला पाणी प्यायची आठवण करायचं म्हणे. मी थांबले नाही. सतराव्याला ती पुन्हा थांबली, मी नाही. एकोणिसाव्याला माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि घाम येणं बंद झालं होतं. त्याचा अर्थही मला माहीत होता. तिथेच मी तिच्या पुढे गेले. मागे वळून बघितलं नाही, पण बघावंसं फार वाटलं.

शेवटच्या कमानीपाशी कोचने माझ्या गळ्यात पदक घातलं आणि "मावशी, चॅम्पियन!" असं ओरडला. फोटो काढले. मी हसले. सगळ्या फोटोंत मी दात दाखवून हसतेय.

घरी येऊन बाथरूममध्ये गेले आणि खाली बघितलं. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता. तो रंग मी डब्यांमधून हजार वेळा बघितलाय, लेबल लावून मशीनकडे पाठवलाय. मी भिंतीला धरून उभी राहिले. मग दिवसभर तांब्यावर तांब्या पाणी प्यायले, जसं काही पाण्याने गेलेली सकाळ परत आणता येते. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "उद्या घाबरू नकोस हं, सगळं नीट येईल," ती म्हणाली.

सोमवारी हॉस्पिटलच्या टेक्निशियनने माझं रक्त घेतलं. माझ्याच धंद्यातली मुलगी. लघवीची डबी तिने उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं आणि लेबल लावलं. मी तिच्या जागी असते तर मीही असंच केलं असतं.

दुपारी डॉक्टर बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची खबर देणारा आकडा, माझा नेहमी पॉइंट आठ असतो. कागदावर दोन पॉइंट तीन होता.

"काल काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"पळाले. एकवीस किलोमीटर."

"गोळ्या?"

"दोन."

"पाणी?"

मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही काम काय करता?"

माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लिहिलेलं होतं. त्यांना माहीत होतं. तरी मला तोंडाने सांगावं लागलं.

"किडनी सावरेल, बहुतेक," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरतं घाबरायचं कारण नाही. पण काल मार खाल्लेली किडनी मी येत्या गुरुवारी काढून दुसऱ्याच्या पोटात बसवू शकत नाही, आणि तुम्हाला एकीवर सोडूही शकत नाही. तीन महिने थांबू. मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. मग किडनीदानाला परवानगी देणारी समिती ठरवेल. हो म्हणेलच असं मी आज सांगणार नाही."

"आणि दादा?"

"त्यांना थांबावं लागेल. हातावरची नस तोवर टिकली तर बरं."

डायलिसिसचा विभाग त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. सोमवार म्हणजे दादाचा वार. आठ खुर्च्या, आठ मशीन, आणि सगळ्यांची घरघर. दादा तिसऱ्या खुर्चीत होता, उजवा हात सरळ ठेवून, रक्त नळीतून बाहेर जात होतं आणि दुसऱ्या नळीतून आत येत होतं. वहिनी अर्धी रजा टाकून आली होती, ऑफिसची पिशवी मांडीवर. मला बघताच ती हसत उठली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. आकडा सांगितला, गोळ्या सांगितल्या, तीन महिने सांगितले. समितीचं सांगितलं.

"पण तू तर लॅबमध्ये होतीस," वहिनी म्हणाली.

"नव्हते."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने मला एकच प्रश्न विचारला. "कशासाठी गं?"

खोटं कारण सापडलं असतं तर मी दिलं असतं. पाच महिने ज्यांच्या नकला करून या बाईला हसवलं, त्यांच्याचपैकी एकीचं नाव घ्यायचं होतं. "ती घड्याळवाली बाई आहे ना," मी म्हणाले. "तिच्या पुढे जायचं होतं मला."

वहिनीने तोंड फिरवलं. दादा छताकडे बघत होता. मला वाटलं आता हा चिडेल. चिडायलाच हवा होता, मी तर त्याची वाटच बघत होते. त्याने मान माझ्याकडे वळवली. त्याचे ओठ कोरडे पडले होते. डायलिसिसवर असताना त्याला दिवसाला मोजकेच पेले पाणी मिळतं.

"मग?" त्याने विचारलं. "गेलीस का पुढे?"

"गेले."

"कितीने?"

"पन्नास सेकंदांनी," मी म्हणाले.

आणि ते म्हणताना माझ्या आवाजात आनंद होता. मला तो दाबता आला नाही, तो आधी निघून गेला. दादाने ऐकला. वहिनीनेही ऐकला. तिने पिशवी उचलली, खुर्चीला वळसा घालून दादाच्या दुसऱ्या बाजूला गेली, आणि माझ्याकडे पाठ करून बसली.